पंधरा दिवसांची बाटली

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भडगावकडच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टर एस्टीने यायचे, एस्टीने जायचे. दवाखाना खरा मीच चालवतो, अशी माझी समजूत होती.

लाल मिक्श्चरसाठी लोक घरची बाटली आणत. ती भरून मी बाहेरून खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक डोस. एक म्हातारी अक्का रोज सगळ्यांच्या आधी हजर. मुलगा-सून सुरतेला, घरात ती एकटी. आज गुडघा, उद्या चक्कर, परवा नुसतंच ‘कसंतरी व्हस’. मी नाडी धरायचो, जेवण गेलं का विचारायचो, की औषध पोटात जायच्या आधीच तिचा चेहरा खुलायचा. आपलं मिक्श्चर किती गुणकारी, याचा मला अभिमान वाटे.

रांग लांबायला लागली, तशी मी अक्कल पाजळली. तिला मोठी बाटली आणायला लावून पंधरा दिवसांचं औषध एकदम दिलं. तिसऱ्या दिवशी ती रिकामी बाटली घेऊन दारात.

“अक्का, सगळं प्यालात की काय?”

“नही रे भाऊ, वती दिनं. भरेल बाटली लिसन मी कशी येऊ?”

मी भडकलो. सरकारी औषध ओतून दिल्याच्या नासाडीवरून तिला रांगेदेखत झाडलं, बाटली पुन्हा भरली आणि बजावलं, “शेवटची खाच संपल्याशिवाय इथे पाऊल टाकायचं नाही.” ती मान खाली घालून गेली. रांग आटोक्यात आली. मी डॉक्टरांकडून शाबासकीही घेतली.

सोळाव्या दिवशी ती आली ती भिंतीला धरून. तळपायात बाभळीचा काटा मोडलेला, आत पू, घोट्यापर्यंत सूज. डॉक्टरांनी काटा काढला. इतके दिवस घरात काय करत होतात, असं मी तिला विचारलं.

“बाटली कोठे रिकामी व्हयनी व्हती?” ती मलाच समजावत म्हणाली. तिला माझा राग आला नव्हता, याचीच मला जास्त लाज वाटली.

“आता रोज पट्टी बदलायला यावं लागेल.”

“रोज?” पू भरलेल्या पायाचा एवढा खूश झालेला रोगी मी पुढे कधी पाहिला नाही.

महिन्याभरात जखम भरली. पट्टी बंद करा, असं सांगून डॉक्टर एस्टीला गेले. मी मात्र धडधाकट कातडीवर रोज नवी पट्टी बांधत राहिलो. नासाडीवर भाषण देणारा तो मीच. एके दिवशी जुनी पट्टी सोडली तेव्हा ती वाकून आपल्या तळपायाकडे बराच वेळ बघत बसली. मग रांगेतल्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

“तुना हातले गुन शे, भाऊ. पन घाई नको करू.”