मावशी टेस्ट

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. गळक्या नळाखाली बादली ठेवावी आणि सकाळी बघावं, तसं. कुणी विचारलं, "काय गं, काम काय चाललंय?" की त्यातला एक काढून द्यायचा. पूर्वी सांगताना मीच आधी हसायचे. हल्ली ऐकणारे हसतात, आणि मला कधी एकदा सांगून संपतंय असं होतं.

मी ॲपच्या स्क्रीन डिझाइन करते. कुठलं बटण कुठे, केवढं, कुठल्या रंगाचं आणि ते दाबल्यावर पुढे काय दिसणार, हे ठरवायचं काम. डिचोलीच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. मालक केशव सर पेडण्याचे. कोड लिहिणारा नीलेश दोडामार्गहून मोटरसायकलने येतो. मी नार्व्याची. आणि सकाळी झाडायला-पुसायला येणारी शेवंती मावशी सर्वणची. एवढीच आमची कंपनी.

*

आधी राजेशचं सांगते.

डिझाइन करण्याआधी वापरणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा, असा आमच्यात नियम आहे. केशव सरांनी तो भिंतीवरच आणला. इंटरनेटवरून एक हसरा, पांढऱ्याशुभ्र दातांचा फोटो काढला, मोठा छापला आणि खाली लिहिलं: "राजेश, वय चौतीस, राहणार पणजी. कॉफी आवडते. वेळ कमी."

काम होतं एका धर्मादाय ट्रस्टच्या डायलिसिस केंद्राचं ॲप. तिथे येणारे लोक म्हणजे सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवून म्हातारे झालेले, नाहीतर शेतातून थेट आलेले. कॉफीचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. पण मीटिंगमध्ये काही अडलं की सर भिंतीकडे हात करायचे. "राजेशला काय वाटेल?"

मावशी रोज त्या फोटोवरची धूळ पुसायची. महिन्याभराने तिने मला हळूच विचारलं, "बाय, हो कोणाचो गो? सदांच पुसतां. अजून कामाक येवंक ना तो."

नीलेश कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाला, "तो येवचो नाय, मावशी. पण सगळा त्येच्याचसाठी चललाहा."

यात सगळ्यात वाईट काय, तर मावशीचा नवरा त्याच केंद्रात डायलिसिसला जायचा. विष्णूकाका, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी. ज्याच्यासाठी ॲप करायचं त्याच्या घरचं माणूस रोज सकाळी झाडू घेऊन आमच्यासमोर येत होतं, आणि आम्ही राजेशचं तोंड बघत बसलो होतो.

*

केंद्रात डायलिसिसच्या खुर्च्या मोजक्या. तिथले लोक "माझी वेळ" असं म्हणत नाहीत, "माझी खुर्ची" म्हणतात. कधी कुणी न सांगता आला नाही की खुर्ची रिकामी जायची आणि बाहेर कुणीतरी तिच्यासाठी ताटकळत असायचं. म्हणून ॲपमध्ये ठरलं: आदल्या दिवशी मेसेज येईल, पेशंटने "येणार" किंवा "दुसरी वेळ" यातलं एक बटण दाबायचं. "दुसरी वेळ" दाबलं, किंवा काहीच दाबलं नाही, तर खुर्ची पुढच्याला.

तोवर हे सगळं काउंटरवरची सिस्टर एका जाड रजिस्टरमध्ये पेन्सिलने करायची. तिला ॲप दाखवायला गेलो. तिने शेवटपर्यंत शांतपणे बघितलं आणि सरांना विचारलं, "माणूस आयलो ना जाल्यार हांव ताका फोन करतां. विचारतां, कित्याक येवंक ना? तुमचें ॲप विचारता?"

सर म्हणाले, "ॲप नोटिफिकेशन पाठयता."

"आनी तें कोणें वाचलें ना जाल्यार?"

"परत पाठयता," सर म्हणाले.

सिस्टरने रजिस्टर मिटलं आणि कपाटात ठेवलं.

*

मग सर बंगळूरला एका परिषदेला जाऊन आले. परत आले ते एकच शब्द घेऊन: "क्लीन!" बटणांच्या कडा गेल्या, चित्रं गेली, अक्षरं बारीक झाली आणि पांढऱ्यावर फिकट राखाडी झाली. ऑफिसच्या एसीत, पडदे ओढून बसलं की फार देखणं दिसायचं. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं होतं.

रविवारी नार्व्याला बाबांना दाखवलं. ते अंगणात उन्हात नारळ सोलत होते. हात पुसून फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"बाय, तुजो फोन बंद पडलो."

"बंद ना बाबा, स्क्रीनच तशी."

बाबांनी पुन्हा बघितलं आणि फोन माझ्या हातात देत म्हणाले, "मागीर तातूंत कितेंय बरय मगो." मग त्यात काहीतरी लिही तरी!

सोमवारी मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, तुझे बाबा आपले युजर नाहीत. बाबांना मधुमेह आहे, उद्या त्यांनाही तीच खुर्ची लागू शकते, हे मी सरांना सांगितलं नाही.

*

मध्येच एआयचं वारं आलं आणि गेलं. बटणंच नकोत, माणूस बोलेल आणि बॉट काम करेल. ट्रायलसाठी सुर्ल्याचे एक जुने ड्रायव्हर आले. इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली. त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर फोन ठेवला. फोनमधून बाईचा गोड आवाज आला, "नमस्कार. मी तुमची काय मदत करू?"

ते गृहस्थ खुर्चीवरून अर्धे उठले. "नाका गो बाय, कांयच नाका. आतांच च्या घेवन आयलों."

"मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

"खरेंच नाका गो."

"मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरच्या बाईने इतका आग्रह करावा आणि आपण काहीच घेऊ नये? शेवटी ते म्हणाले, "बरें, मातशें उदक दी."

पाणी नीलेशने आणून दिलं. सरांनी अहवालात लिहिलं: "वापरणारे बॉटशी आपुलकीने बोलतात."

*

ॲप सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याचे आकडे आले तेव्हा सर बेकरीतून पॅटिस घेऊन आले. लोक ॲपवर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबत होते. एक बटण दाबायचं काम, त्याला सात-सात, आठ-आठ मिनिटं! "लोक रमतात आपल्या ॲपवर," सर म्हणाले.

नीलेश म्हणाला, "रमनत नाय सर. अडाकतत."

"नीलेश, निगेटिव्ह बोलू नकोस. पॅटिस घे."

त्याने घेतला. मीही घेतला. गरम होता, चांगला होता.

*

आता मावशी टेस्ट म्हणजे काय ते सांगते, कारण या सगळ्यात माझा भरवसा फक्त तिच्यावर होता.

कुठलीही नवी स्क्रीन झाली की सकाळी झाडलोट आटोपल्यावर मी मावशीला माझ्या टेबलाशी बसवायचे. ती एका बाजूला, मी समोर, मध्ये फोन. नियम कडक. आपण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, बोट दाखवायचं नाही, मानही हलवायची नाही. फक्त काम सांगायचं, "मावशी, उद्या काकांना घेऊन जायचंय," आणि बघत राहायचं. तिला जमलं तर स्क्रीन पास. नाही जमलं तर आमची चूक, परत करा.

सुरुवातीला तिचं दोन-तीनदा चुकलं. मी आणि नीलेश संध्याकाळपर्यंत ती स्क्रीन पुन्हा करत बसलो. दुसऱ्या दिवशी मावशी हळहळली, "म्हज्या पायीं तुमकां केदो त्रास गो." त्यानंतर मात्र तिचं कधी चुकलं नाही. ती आधी माझ्याकडे बघून जरा हसायची, लाजल्यासारखी, आणि मग बरोबर त्याच बटणावर बोट ठेवायची. फिकट स्क्रीनसुद्धा पास! बाबांना दिसलं नाही ते तिला दिसलं, म्हणून मी सरांशी भांडायचं सोडून दिलं. कंपनीच्या जाहिरातीत सरांनी छापलं: "आमची डिझाइन गावच्या मावशीलाही कळतात."

एका गोष्टीवर मात्र मी दोन दिवस वाद घातला. बटण दाबल्यानंतर काय दाखवायचं? माझं म्हणणं, "येणार" दाबलं तर हिरवं, "दुसरी वेळ" दाबलं तर लाल, आणि मोठ्या अक्षरांत: तुम्ही उद्याची खुर्ची सोडली. सर म्हणाले, "आजारी माणसाला लाल रंग दाखवायचा नाही. अनुभव सुखद पाहिजे." तिसऱ्या दिवशी मी थकले. दोन्ही बटणांना एकच स्क्रीन केली: बरोबरची हिरवी खूण, तिच्याभोवती हळूहळू उमलणाऱ्या पाकळ्या, खाली बारीक अक्षरांत "तुमचा प्रतिसाद नोंदवला". मी आजवर काढलेल्या चित्रांत ते सगळ्यात सुंदर आहे. त्याची मला आज लाज वाटते.

*

पहिले काही आठवडे मेसेज सकाळी अकराला यायचा. मावशी तेव्हा ऑफिसातच असायची. फोन घेऊन माझ्या टेबलाशी यायची, समोर बसायची, स्वतःच बटण दाबायची. मी नियम पाळून गप्प. दर वेळी बरोबर.

मग ट्रस्टने मेसेजची वेळ संध्याकाळची केली.

सोमवारी संध्याकाळी मावशीने सर्वणला, घरी, बटण दाबलं. हिरवी खूण आली, पाकळ्या उमलल्या. मंगळवारी ती काकांना घेऊन बसने डिचोलीला आली तर खुर्चीवर दुसराच माणूस. सिस्टर म्हणाली, "यादी आतां म्हज्या हातांत ना." मावशीला वाटलं, केंद्राची चूक झाली असेल. मला बोलली नाही, मला कशाला त्रास! शुक्रवारी पुन्हा बटण, पुन्हा हिरवी खूण. शनिवारी पुन्हा परत. रविवारी काकांना श्वास घेता येईना आणि रुग्णवाहिकेने पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं.

काका वाचले. आठवड्याने घरी आले, पण गेले होते तेव्हा चालत बसमध्ये चढणारा माणूस आता उचलून आणावा लागला. ओळीने दोनदा खुर्ची सोडली म्हणून ॲपने त्यांचं नाव यादीतून काढलं होतं. तो नियम नीलेशने लिहिला होता, मी स्क्रीन केली होती. आता त्यांना लांबच्या केंद्रात रिक्षाने न्यावं लागतं. परतीच्या वाटेवर ते डोळे मिटून पडलेले असतात, असं मावशी सांगते.

सरांनी नोंदी तपासल्या. दोन्ही वेळा "दुसरी वेळ" दाबलेलं होतं. "युजर एरर," ते म्हणाले. मी म्हटलं, ती मावशी आहे, तिचं कधी चुकत नाही. सर म्हणाले, "मग?"

मला रात्रभर झोप आली नाही.

*

काका घरी आल्यानंतरच्या रविवारी मी सर्वणला गेले. मावशीने च्या केला, पदेराकडचा उंडो, म्हणजे पाव, कापून दिला. काका आतल्या खोलीत खिडकीशी निजले होते. मावशीचा माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी फोनवर तीच स्क्रीन उघडली, नेहमीसारखी तिच्यासमोर बसले आणि नेहमीचंच काम सांगितलं. "मावशी, फाल्यां काकाक व्हरपाचो आसा."

तिने माझ्याकडे बघितलं, जरा हसली आणि "येणार" दाबलं. बरोबर. मी बटणांच्या जागा बदलल्या. बरोबर. उजेड कमी केला, अक्षरं आणखी बारीक केली, दहा वेळा केलं. दहाही वेळा बरोबर. मला काही कळेना.

"मग त्या दिसा कितें जालें, मावशी?"

"कळना गो बाय."

मी पुन्हा स्क्रीन लावून दिली, तेवढ्यात आतून काकांनी पाणी मागितलं. मावशी उठायला लागली. मी म्हटलं, तूं बस, हांव दितां. आत गेले, काकांची मान उचलून दोन घोट पाजले आणि दारातून मागे वळून बघितलं. मावशी होती तशीच बसली होती. फोन समोर, बोट हवेत.

"बटण दाम मगो, मावशी."

"तूं मुखार येवन बस," ती म्हणाली. "तुजे दोळे खंयच्या बटणार वतात तें दिसलें ना जाल्यार खंयचें दामपाचें तें माका कशें कळटलें?"