बारीक केलेली माणसं

"आता बघा पावणं. मैदान हाय, मैदान." गिऱ्हाइकाच्या डोक्याला थ्रीडी गॉगलचा पट्टा आवळताना तो हे म्हणायचाच. समोर काय, तर अजून न बांधलेल्या फ्लॅटचा हॉल, त्यानंच कॉम्प्युटरवर बनवलेला. गिऱ्हाईक बसल्या जागी मान वळवायचं आणि खूश व्हायचं.

बिल्डरच्या त्या ऑफिसात मी नकाशे काढायचो आणि हा असले देखावे करायचा. त्याची कला म्हणजे निव्वळ लबाडी. खोलीचं माप खरं ठेवायचा. आतली माणसं, पलंग, सोफा मात्र बारके करायचा. बघणाऱ्याची उंचीही गुपचूप कमी करायचा, म्हणजे छत वर जायचं. आपला डोळा खोली फुटात मोजत नाही, शेजारच्या माणसावरून ओळखतो, हे त्याला पक्कं ठाऊक. मी टोकलं की म्हणायचा, "डोळं फसवत्यात, मॉडेल न्हाय." एवढा निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिला नाही. साइटवर तर फिरकायचाही नाही. बुटांना चिखल लागतो म्हणे.

मग आमच्याच बिल्डरच्या उचगावच्या स्कीममध्ये यानं स्वतःसाठी फ्लॅट घेतला. कशावरून? स्वतःच्याच मॉडेलवरून. डबा खाल्ला की गॉगल चढवून त्या घरात हिंडायचा आणि हवेत हात करून आईचा पलंग कुठे लावायचा ते मला सांगायचा. गुडघे गेलेली आई वारणानगरला भावाकडे होती, चाकाच्या खुर्चीत. तिला आणायचं म्हणूनच हे घर. आतली माणसं आपणच बारकी केलीत, हे हा शहाणा रोजच्या फेऱ्यांत विसरून गेला.

वास्तुशांतीला आम्ही जेवायला गेलो. पलंग लावल्यावर आईची खुर्ची खोलीत वळेना. त्यानं पलंग भिंतीला रेटला, कपाट बाहेर काढलं, घामाघूम झाला. पाहुणे ताटं घेऊन जिन्यात बसलेले. मला आतून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आई एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊंदे बाळा. म्होरच्या खेपंला बारीक हून येतो." संध्याकाळी ती भावाबरोबर परत गेली.

पुढे फ्लॅट विकून तो पुण्याला गेला, कुणाचा निरोपही न घेता. जुने नकाशे शोधताना ऑफिसातल्या त्याच्या कॉम्प्युटरवर मला ते घर सापडलं. फाइलची तारीख वास्तुशांतीनंतरची. आत त्यानं आई बसवली होती, हिरवं लुगडं, अंबाडा, सगळं हुबेहूब, आणि खुर्चीसकट बारीक केलेली. गड्याला तिथंही खरं माप देववलं नाही. चिडून मी फाइल पुसायला गेलो, पण पुसवेना. पलंगाशेजारी तिची खुर्ची वळायला भरपूर जागा होती.