कुमसार आणि कच्चा घाटा

“आधी मला मोकळी करा, मग चहा,” असे म्हणत त्या उंबऱ्याशी उभ्या राहत. लाल चौकडीच्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, अंगाला साबणाचा आणि मेणबत्तीचा मिसळलेला वास. तुमच्याही आळीत अशी एखादी असेल, जिची क्षमायाचना भांडणापेक्षा मोठ्याने ऐकू येते.

आमच्या या शेजारीणबाई वसईकडच्या. यजमान रेल्वेत गार्ड, म्हणून जळगावात आलेल्या. त्यांच्या कॅथलिक रीतीप्रमाणे पाद्रींपुढे गुडघे टेकून आपली पापे सांगायची असत. त्याला त्या कुमसार म्हणत. पाद्री महिन्यातून एकदा भुसावळहून गाडीने येत. त्याआधी, ज्याच्याशी बिनसले असेल त्याच्याशी गोडी करायची, हा बाईंचा नेम. पंचाईत एवढीच, की क्षमा कशाबद्दल हवी हे नीट समजावे म्हणून त्या सबंध भांडण पहिल्यापासून सांगत, आणि सांगता सांगता पुन्हा तापत. एकदा दूधवाल्याची क्षमा मागायला गेल्या, त्या दुधातल्या पाण्यावरून नवे भांडण करून परतल्या. “आता पुन्हा जाणं आलं!” म्हणत कपाळाला हात लावून बसल्या.

मी तेव्हा घरात नवी सून होते. पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण तोंडावर आला होता, आणि त्या सणाला कुमसार चुकवून चालत नसे. नेमकी तेव्हाच आमच्या गच्चीवर बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, गडबड. आंबवलेल्या ज्वारीचा रटरटता घाटा, त्याची आंबूस, हिंगाजिऱ्याची वाफ अजून माझ्या नाकात आहे. धुळ्याकडच्या माझ्या आत्येसासूबाई विधवा, अबोल. बिबड्या हा त्यांचा एकुलता अभिमान. शेजारीणबाईंनी बोटभर घाटा चाखला आणि साऱ्या बायकांत म्हणाल्या, “अक्का, घाटा कच्चा राहिला हो!” बायका हसल्या. आत्याबाई उलथने टाकून खाली निघून गेल्या.

संध्याकाळी बाई दारात. “अक्का, मला मोकळी करा.”

“तुना शब्द मांगे ले. मंग.”

“कसा मागे घेऊ? घाटा कच्चाच होता. नाही म्हटलं तर खोटं बोलणं होईल. एक पाप फेडायला दुसरं घेऊ?”

“मंग राय तशीच.”

दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या बिबड्या उन्हात तडकू लागल्या, घाटा कच्चा राहिला की तडकतात तशा. कुणाला दिसू नये म्हणून आत्याबाईंनी त्यांच्यावर धोतर पसरले.

पाद्री येण्याच्या आदल्या दिवशी बाई पुन्हा आल्या. या खेपेस भांडण पहिल्यापासून सांगितले नाही. उंबऱ्याबाहेर बसल्या आणि हळू म्हणाल्या, “अक्का, खरं बोलले ते मागे घेत नाही. पण ते कानात सांगता आलं असतं. चारचौघींत सांगितलं, कारण तुमच्याहून मला अधिक कळतं हे दाखवताना जिभेला गोड लागलं. तेवढं पाप माझं.”

आत्याबाईंनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, “घाटा कच्चाच व्हता. माले ठाऊक व्हतं. जाय, मोकळी शे तू.”

दुसऱ्या दिवशी मात्र आत्याबाई मला घेऊन स्टेशनामागच्या लहानशा चर्चपाशी जाऊन बसल्या. बाई आत आपले नाव सांगतील, हा संशय फिटला नव्हता. कडुनिंबाचा मोहर कडवट-गोड घमघमत होता. बाई बाहेर आल्या त्या ओल्या डोळ्यांनी, पण पावले एखाद्या परकरी पोरीची.

“मनं नाव लिधं का?” आत्याबाईंनी अडवले.

“दुसऱ्याचं नाव तिथं घेत नाहीत, अक्का. आपलं तेवढंच सांगायचं.”

आत्याबाईंचा चेहरा किंचित उतरला. मग एकाएकी म्हणाल्या, “आनी मनं मी कोनले सांगू?”

बाई गोंधळल्या. “पापातून सोडवता नाही यायचं मला. तो अधिकार पाद्रींचा. ऐकेन मात्र. मध्ये बोलणार नाही.”

“त्याना माले भरवसा नही,” असे म्हणत आत्याबाई पायरीवर टेकल्या, आणि मला पाणी आणायला पिटाळले.

पुढच्या वर्षी गार्डसाहेबांची बदली झाली. आता दोघीही नाहीत, आणि त्या पायरीवर काय सांगितले गेले ते कुणालाच ठाऊक नाही. तांब्या भरून परतले तेव्हा मी दुरूनच थांबले. आत्याबाई बोलत होत्या, घरात कुणी कधी ऐकले नव्हते इतके. शेजारीणबाई खरोखर गप्प होत्या. बोलणे अनावर झाले की एका हाताने पदराचा बोळा तोंडाशी दाबत; दुसरा हात आत्याबाईंनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता. दोघींच्या डोक्यांवर मोहर गळत होता, आणि झटकायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.