जर्मनीचा दौरा

आज रेडमंडमध्ये ऑफिसला जाताना बसमध्ये ओल्या लोकरी कोटांचा वास आला, आणि मी मिनेसोटातल्या लुथरन ख्रिस्ती विद्यापीठाच्या गायनवर्गात जाऊन पोचले. रेडिएटरवर सगळ्यांचे कोट वाळत होते. आमचा कॉयर, म्हणजे गायनवृंद, जर्मनीच्या दौऱ्यावर निघाला होता. एकटीने गायचा सोलो मला मिळाला होता, पण माझा व्हिसा आलाच नाही.

विद्यापीठाने काही कमी केलं नव्हतं. तिथल्या पाद्रींनी स्वतः दूतावासात कितीदा फोन केले. कॉयर शिकवणाऱ्या वृद्ध बाई माझे थंडगार हात चोळत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तूच गाशील." ऐनवेळी माझा सोलो माझ्या मैत्रिणीला, पुण्याच्या गौरीला दिला; तिचा व्हिसा वेळेत आला होता. ती रडतच म्हणाली, "यार, मी नाही जात." मीच तिला समजावून पाठवलं.

तेव्हा वाटलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात संगीत विभाग बंद झाला. बाई निवृत्त झाल्या, मी कॉम्प्युटर सायन्सकडे वळले.

परवा मुलगी म्हणाली, "आई, सिंग समथिंग ना!" मी डोळे मिटून सुरुवात केली. सूर लागेना. पुन्हा केली.

"इट्स ओके, आई," म्हणत तिने हळूच टीव्ही लावला.