पडद्यावरच्या मजुरांची आठवडी सुट्टी

आमच्या घरात रविवारला कधीच किंमत नव्हती. सुट्टी म्हणजे गुरुवार. बाबा आर्वीच्या बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर, कोणता कंडक्टर, रात्री मुक्कामाला कोणी कोणत्या गावी थांबायचं, हे सगळं तेच लावायचे, आणि स्वतःची आठवडी सुट्टी त्यांनी वर्षानुवर्षं गुरुवारी घेतली. त्या दिवशी ते उशिरा दाढी करत, बनियनवर घरभर हिंडत, आणि आई बेसनाच्या पाटोड्यांचा झणझणीत रस्सा करायची.

मग बाबा निवृत्त झाले आणि रोजच सुट्टी आली. म्हणजे सुट्टी गेलीच. सुरुवातीचे दिवस हौसेत गेले. नंतर सकाळी उठल्या उठल्या ते विचारायला लागले, "आज वार कोनता?" सांगितला तरी चेहऱ्यावर काही फरक पडत नसे. नव्या लोकांच्या कामात लुडबूड नको म्हणून डेपोत जात नसत, आणि ती सगळी लुडबूड मग स्वयंपाकघरात होई. कुकर लेट आहे, भाजी वेळेच्या आधीच सुटली! गुरुवारचा रस्साही बंद पडला. कोणी ठरवून बंद केला नाही, आपोआप पडला. शेवटी आई मला म्हणाली, "यायले काई त काम दे माय, नाई त मी माहेरी चालली जातो."

मी हसले, पण मनातून घाबरले होते. बाबा दिवाणावर पेपर घेऊन बसत आणि कितीतरी वेळ पान उलटत नसत. सगळ्या डेपोवर ओरडणारा माझा बाप असा गुमान विझत जाईल की काय, याची मला खरोखर भीती वाटत होती.

मी घरूनच एका कंपनीचं काम करते आणि ते दुपारी सुरू होतं. सकाळी नाश्त्यानंतर तासभर मी कॉम्प्युटरवर राज्य चालवते. हा खेळ पाळीपाळीनं चालतो. मी माझ्या माणसांना हुकूम द्यायचे, मग शेजारच्या राजांची पाळी, मग पुन्हा माझी. गावं वसवायची, फौज ठेवायची, आणि या सगळ्याच्या बुडाशी असतात मजूर. जंगल तोडणारे, वावर कसणारे, रस्ते बांधणारे. नवखे लोक फौजेकडे बघत बसतात आणि मजुरांच्या हिशेबात मार खातात. मीही त्यातलीच.

एका सकाळी बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि पडद्यावरच्या एका मजुराकडे बोट दाखवलं.

"हा काऊन रिकामा उभा हाय?"

"पाहू मंग."

"अन् हा दुसरा कुठं चालला?"

"डोंगरापल्याड. खान खोदाले."

"एवढ्या दूर? वाटेत काईच न करता? रिकामी फेरी हाय ही, पोरी!"

रिकाम्या फेरीचा बाबांना नोकरीत सगळ्यात जास्त राग. डिझेल जळतं आणि भलं कोणाचंच होत नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या दिवसापासून मजूर त्यांच्याकडे, फौज माझ्याकडे, अशी वाटणी झाली. डोंगर चढण्यात मजुराची अख्खी पाळी जाते, म्हणून बाबा आधी सपाटीवरचं जवळचं काम काढत. मजूर पटावरचं एक घर चालायचा आणि उरलेल्या पावलांत त्याच पाळीत कुदळ मारायचा. जंगलात ते जोडीनं पाठवत, म्हणजे काम निम्म्या वेळात उरके. एक काम संपलं की दुसरं शेजारीच. "मुक्कामाची गाडी कशी असते?" ते म्हणाले. "जिथं मुक्काम, तिथूनच सकाळची फेरी." आमची गावं भराभर वाढायला लागली आणि मी खूश.

मग एक दिवस पाहते, तर ऐन कामाच्या वेळी एक मजूर झोपवलेला.

"सहा पाळ्या झाल्या, आठवडा भरला त्याचा. सुट्टी हाय आज."

"बाबा, चित्र हाय ते! चित्राले कायची सुट्टी?"

"चित्र असन. पन ड्युटी त आपनच लावून राह्यलो न?"

मी पुष्कळ बोलले. काडीचा उपयोग झाला नाही. एकामागून एक सगळ्यांना सुट्ट्या मिळत गेल्या आणि जो आधी मनोरा बांधेल त्याचा डाव, तो शेजारच्या राजानं आमच्या एक पाळी आधी पुरा केला. डाव गेला. मी चडफडत उठले. बाबा थंड. "हरलो त हरलो. एक मानूस थकला नाई आपला."

नव्या डावात मी मजुरांचीच वाटणी मागितली. पश्चिमेचे तुमचे, पूर्वेचे माझे. माझे मी सरळ 'आपोआप'वर टाकले. कॉम्प्युटरच त्यांना काम शोधून देतो, आपल्याला कटकट नाही. तो काम शोधतो, पण लुटारू कुठं दबा धरून बसलेत ते काही बघत नाही. माझा एक मजूर त्यांनी धरून नेला. या खेळात मजूर मरत नाही, जो पकडेल त्याच्यासाठी राबतो.

"जाऊ द्या, दुसरा बनवू," मी म्हटलं.

बाबा खुर्चीतून उठलेच. "जाऊ द्या? आपल्या ड्युटीवर गेलता तो. फौज काढ!"

काढली. तेवढ्यात शेजाऱ्यानं आमचं एक उघडं पडलेलं गाव गिळलं, पण मजूर सुटून आला. बाबांनी त्याला नदीकाठी नेऊन झोपवलं. "याले दोन दिवस उठवजो नोको." त्या डावाचं पुढं काय झालं ते विचारू नका. जेवताना मात्र बाबा आईला ती सुटका तिखटमीठ लावून सांगत होते आणि कुकरचा विषय निघालाच नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी कॉम्प्युटर लावला, तर बाबा आले नाहीत. हाक मारली, तरी नाहीत. बाहेर येऊन बघते, तर बनियनवर दिवाणावर पडलेले, दाढी केलेली नाही. पुन्हा तेच सुरू झालं की काय?

"बाबा, बरं नाई का? मजूर थांबले हायेत तिकडं."

"थांबू दे," डोळे न उघडताच ते म्हणाले. "गुरुवार हाय न आज. माही सुट्टी."

आज वार त्यांनी विचारला नव्हता, सांगितला होता. मला इतका आनंद झाला की त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. पण सुट्टीवरच्या माणसाला उठवायचं नाही, एवढं मी आता शिकले होते.

आत आईचं भाजी चिरणं थांबलं. थोड्या वेळानं बेसनाचा डबा उघडल्याचा आवाज आला.