इथं बोट फिरवा

रद्दीच्या गठ्ठ्यात पुस्तक सापडलं, की मामा ते काट्यावर टाकत नसत. आधी बनियनला हात पुसायचे, मधलंच पान उघडून वास घ्यायचे आणि मागच्या फळीवर उभं करून ठेवायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "अहो मामा, वजनात धरा की ते." मामा मान हलवायचे. "हे काट्यावर न्हाई जायचं. हे लोकांत जायचं."

केडगाव स्टेशनबाहेर त्यांचं दुकान. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर पत्र्यावर निळ्या रंगातलं मोठं 'जय भीम' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'रद्दी, पुठ्ठा, बाटली' पाहिलं असेल. मी खुटबावच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. जुने पेपर घालायला म्हणून एकदा गेले आणि मग त्या फळीवरची पुस्तकं वाचायची सवयच लागली.

एके दिवशी त्यांनी फळीवरून नव्हे, गल्ल्याच्या कप्प्यातून एक पुस्तक काढलं. पाठ निघालेली, कोपरे दुमडलेले. अमेरिकेतल्या एका काळ्या बाईनं आपलं लहानपण लिहिलेलं, त्याचं मराठी भाषांतर. गोऱ्यांची शाळा वेगळी, यांची वेगळी. बसमध्ये यांनी मागं बसायचं. बुटाच्या दुकानात पायात घालून बघायची सोय नाही, म्हणून आई पोरीचं पाऊल कागदावर ठेवून भोवती रेघ मारायची, कागद कापायची आणि तो दुकानात न्यायची.

"सावकाश वाचा," मामा म्हणाले. "पर परत आणा. ह्याला लई जणं थांबलीत."

वाचलं मी. दोन रात्री झोप नाही. पण काय सांगू, पुस्तकभर कुणी कुणी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं! वेडीवाकडी अक्षरं, अशुद्ध, ओळ सोडून. पुस्तकावर लिहू नये, हे मी वर्गात इतक्या वेळा ओरडून सांगितलंय की माझा हात आपोआप खोडरबराकडं गेला. रविवारभर बसून सगळी पानं लख्ख केली. खाकी कव्हर घातलं. लेबल लावलं. वर माझ्या सुंदर अक्षरात पुस्तकाचं नाव. सोमवारी ऐटीत मामांच्या हातात दिलं. शाबासकी मिळणार, अशी खात्रीच होती.

मामांनी चार पानं उलटली. परत उलटली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही तर ह्याला आंघोळ घालून आणलं."

त्या पुस्तकाचा एक रिवाज होता. ज्या पानावर काळीज हललं, त्या पानावर आपली एक ओळ लिहायची आणि पुस्तक पुढं द्यायचं. सगळ्यांना ठाऊक होता. मला सांगितला नव्हता, कारण शिक्षक माणसाला काय सांगायचं, असं मामांना वाटलं! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? तुम्ही पोरांना काय करायला लावता? परत लिहून आणा."

कुणी कुणी लिहिलं होतं ते मामांनी सांगितलं आणि मी निघाले स्कूटी घेऊन. मिशनजवळ राहणाऱ्या, दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टरनी आधी मला पोटभर हसून घेतलं, मग चहा दिला, मग म्हणाल्या, "कुठल्या पानावर लिहिलं होतं तेच आठवेना गं बाई. परत वाचावं लागेल." आठ दिवस पुस्तक ठेवून घेतलं. तळेगाव ढमढेऱ्याच्या जीपवाल्यानं मात्र आपलं पान बरोब्बर काढलं, बसमधल्या जागांचं. स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून लिहिलं, 'आपल्या गाडीत फुडची सीट ज्याला उलटी होते त्याची. बाकी सगळे सारखे.' वर मला म्हणाला, "मॅडम, आता नका पुसू हां."

असं करत बाकीच्यांच्याही ओळी परत आल्या. एकच राहिली. ती मामींची होती, मामांच्या बायकोची. आणि मामी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

हे मला मामांनी शेवटी सांगितलं, पुठ्ठे बांधता बांधता, माझ्याकडं न बघता. मामी पन्नाशीत रात्रीच्या साक्षरता वर्गाला जायच्या. सही सोडून त्यांनी आयुष्यात लिहिलेलं एकच वाक्य, ते त्या पुस्तकात. "बुटाच्या पानावर लिवलं होतं तिनं. म्हनून ते गल्ल्यात ठेवत हुतो."

मी तिथंच रडायला लागले. मी ते अक्षर खोडलं होतं आणि खोडण्याआधी वाचलंही नव्हतं. अशुद्ध दिसलं, पुसलं.

"काय लिहिलं होतं मामा? मी लिहिते."

"तुमचं अक्षर चांगलं हाय बाई. पर ते तिचं न्हाई."

पण पंचवीस वर्षं पहिलीला शिकवून एक गोष्ट मला कळते. नव्यानं लिहायला शिकलेला माणूस पेन्सिल अशी दाबतो, की खालच्या तीन पानांवर उमटतं. मी पुस्तक घेऊन दुकानाच्या दारात आले आणि बुटाचं पान उन्हात तिरकं धरलं. होतं! एकेक अक्षर कोरल्यासारखं. 'माजी आय बांगडीचं माप दोरा बांधून न्यायची. कासार हात धरत न्हवता.'

आमच्या घरी कासार यायचा तो आईचा हात हातात घेऊन बांगड्या भरायचा. दुसऱ्या कुणाच्या घरी काय होत असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. याची लाज वाटली, अजूनही वाटते.

मामांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. इकडून तिकडं, परत इकडून. "हाय की," म्हणाले. "हाय की वं!" मी पेन्सिल काढून गिरवायला लागले, तर माझा हात धरला. "नगं. असंच ऱ्हाऊ द्या. हाताला लागतंय." मग हसायला लागले. "आता तुमची वळ लिवा. मास्तरीनबाई, फुकट न्हाई सुटायचं." मी त्याच पानाच्या कडेला लिहिलं, 'इथं बोट फिरवा.' आणि मामांनी त्या दिवसापासून पुस्तक गल्ल्यात ठेवणं बंद केलं. पुढं दिलं, म्हणाले, "जाऊ दे तिला फिरायला."

मामा जाऊन वर्ष झालं. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पत्र्यावरचं निळं अक्षर तेवढं आहे. पुस्तक कुणाकडं होतं, कुणालाच नीट सांगता येईना.

मागच्या महिन्यात चौफुल्याहून शिरूरला निघाले होते. न्हावऱ्याच्या पुढं जीपमध्ये शेजारी कंपनीचा युनिफॉर्म घातलेली एक मुलगी वाचत होती. खाकी कव्हर मळून काळं पडलेलं, पण लेबलवरचं अक्षर माझं. मी मान तिरकी करून तिच्याबरोबर वाचत राहिले. बुटाचं पान आलं. तिनं कडेची ओळ वाचली, बोट पानावर ठेवलं आणि हळूहळू फिरवत गेली. जीप खड्ड्यात आदळली तसं थांबली, परत पहिल्यापासून फिरवलं.

मग डोळे पुसून मला म्हणाली, "ताई, पेन्सिल हाय का वं तुमच्याकडं?"

दिली. पर्समध्ये खोडरबरही होता, तो आतच राहू दिला.