कोणाची वीत

संघमित्रा सपकाळे बाईंच्या वर्गात शिरलं की आधी पायाखाली काहीतरी येई. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. दहिसरच्या त्या मराठी शाळेत बाई एकवीस वर्षं तिसरीला शिकवत होत्या, आणि सफाईवाल्या सुंदराबाई जवळजवळ तेवढीच वर्षं कुरकुरत होत्या, "बाई, तुमच्या वर्गाला झाडू नाय पुरत, चाळण लागते."

हाताने मोजायला लावायचं हे वेड कुठल्या प्रशिक्षणातून आलेलं नव्हतं. बाईंचे वडील सीताराम गवंडी होते. जळगावकडून येऊन दिंडोशीच्या वस्तीत त्यांनी स्वतःच्या हाताने घर बांधलं आणि दाराला तीन पायऱ्या केल्या, प्रत्येक पायरी बरोबर एक वीत उंच. पण वीत त्यांची होती. हात असा लांब, की पायऱ्या चढताना बाईंच्या आईला, शांताबाईंना, हंडा कडेवर घेऊन दर वेळी चौकट धरावी लागायची. "तुमच्या हाताच्या पायऱ्या केल्यात," ती म्हणायची, "माझ्या गुडघ्याच्या नाही." संघमित्रा तेव्हा आठ वर्षांची होती. मोजमापाचा धडा ती तिथेच शिकली, आणि बाई झाल्यावर दर वर्षी तिसरीच्या मुलांना आधी विती मोजायला लावून मगच पट्टीला हात लावू देऊ लागली.

यंदाही तसंच झालं. एकोणीस मुलांनी ओळीने येऊन बाईंचं टेबल वितीने मोजलं. श्रेयसचं टेबल साडेसात विती भरलं, जान्हवीचं नऊ. अबोलीने जीभ बाहेर काढून, बोटं ताणताणून आठ केलं. सगळ्यांनी वहीत लिहिलं, 'टेबलाची लांबी', आणि पुढे आपापला आकडा. बाईंनी प्रत्येकाजवळ उभं राहून मोजणी पाहिली होती, म्हणून सगळ्यांना बरोबरची खूण दिली. पट्टीचा तास पुढच्या मंगळवारी होता.

मधे शनिवारी पालकसभा आली.

जान्हवीची आई प्रेमा घरी ब्लाउज शिवायची. मूळची देवगडकडची, बोलणं तिखट. ती जान्हवीची वही आणि शेजारच्या श्रेयसची वही, दोन्ही उघडून टेबलाशी उभी राहिली.

"बाई, हे टेबल एकच ना?"

"एकच."

"मग नऊ पण बरोबर नि साडेसात पण बरोबर? बघता तरी का तुम्ही, की नुसत्या खुणा मारत सुटता?"

मागे बसलेल्या आया हसल्या. प्रेमाने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "ह्यांनी दाखल्याचा अर्ज लिहून दिलाय. टॉवरच्या बाजूच्या इंग्लिश शाळेत जागा आहे. मीच थांबवलं होतं त्यांना. आता काय सांगू घरी? पोरगी दिवसभर चिंचोके मोजते म्हणून?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं. मुख्याध्यापक किरण सर आठवड्यापूर्वीच म्हणाले होते, पट आणखी घसरला तर तिसरी-चौथी एकाच वर्गात बसवू. प्रेमाच्या चाळीतली चार मुलं वर्गात होती. जान्हवीमागे ती गेली की वर्ग गेला.

"प्रेमाताई, अर्ज देण्याआधी एक करा. टेबल मोजा. वितीने."

"माझी परीक्षा घेता?"

"तसं समजा."

प्रेमाने पदर खोचला आणि मोजलं. सहा विती, वर चार बोटं. श्रेयसची आई श्रुतिका तिच्या मागून उठली. ती लहानखुरी. तिचं टेबल पावणेसात भरलं.

"तू बोटं आखडतेस गं," प्रेमा म्हणाली.

"आणि तुझे हात बघ, सुपाएवढे!"

"म्हणून तर मी टेपशिवाय कुणाचं माप घेत नाय," प्रेमा बोलून गेली आणि थांबली.

"हेच," बाई म्हणाल्या. "मंगळवारी मुलांना हेच कळायचंय. ती भांडतील, मग पट्टी मागतील."

सभा इथे हसून संपली असती. पण प्रेमाने वही सोडली नव्हती.

"ते समजलं. पण बाई, चूक तुमचीच आहे. गिऱ्हाईक माप देऊन गेलं की त्याच्यावर मी नाव लिहिते. नाव नसेल तर त्या मापाचं करायचं काय? इथे नुसतं लिहिलंय नऊ. कोणाच्या विती?"

बाईंनी वही हातात घेतली. एकवीस वर्षांत त्यांनी वहीत हे कधी लिहून घेतलं नव्हतं. वडिलांच्या पायऱ्यांची गोष्ट मात्र दर वर्षी सांगितली होती.

"खरंय," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. मंगळवारी तुमचा टेप घेऊन याल?"

प्रेमाने अर्जाची घडी पुन्हा पर्समध्ये टाकली. "दाखल्याचं मंगळवारनंतर बघू."

मंगळवारी ती आली. गळ्यात टेप, केसांत अडकलेला दोऱ्याचा तुकडा. मुलांना तिने टेप कसा धरायचा ते एकदाच दाखवलं. मग एकेक जण टेबल मोजत गेला आणि सत्तेचाळीस इंच म्हणत गेला. श्रेयसने साडेसत्तेचाळीस सांगितले.

"टेप ढिला सोडलास रे मेल्या! ब्लाउज असा शिवला तर गिऱ्हाईक अंगावर फेकून मारील."

वर्ग खिदळला. श्रेयसने पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस. जान्हवी आईकडे असं बघत होती, की ही बाई आपल्या ओळखीची आहे हे सगळ्यांना कळावं.

तास संपल्यावर प्रेमा टेप गुंडाळत म्हणाली, "दर मंगळवारी नाय जमणार हां. लग्नाची कामं आहेत. महिन्यातून एकदा बोलवा."

"आणि दाखला?"

"ह्यांना सांगितलं, चौथीपर्यंत राहू दे. चिडलेत. चिडू देत."

ती गेली. वर्गात सुंदराबाई झाडू घेऊन आल्या, तर संघमित्रा बाई एकोणीस वह्या पुढ्यात घेऊन बसलेल्या. लाल पेनाने प्रत्येक वहीत आकड्यापुढे लिहीत होत्या, 'जान्हवीच्या विती', 'श्रेयसच्या विती', 'अबोलीच्या विती'.

"पाय वर घ्या, बाई," सुंदराबाई म्हणाल्या.